चहाबरोबर वीस सह्या

सोमवार, ३ मार्च

मेट्रनबाईंनी आज सकाळी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "तीन महिने बघू." म्हणजे मी पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाची इनचार्ज झाले, तीन महिन्यांपुरती. चोवीस खाटा, सहा नर्सेस आणि कुरकुरणारे चार पंखे. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबले, आता माझ्या हाताखाली माणसं. "बघू" म्हणे! बघाच.

घरी सांगितलं तर ह्यांनी विचारलं, "पगार वाढणार का?" सासूबाईंनी विचारलं, "पाय दुखणार का?" पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. तरीही मी आज फार खूश आहे. ही डायरी त्याच खुशीत सुरू केलीय. किती दिवस टिकते बघू.

बुधवार, ५ मार्च

सही, सही, सही! औषधं आली, सही. चादरी धुवायला गेल्या, सही. चादरी परत आल्या, पुन्हा सही. आज मोजल्या, एकशे सदतीस भरल्या.

त्यात सगळ्यात छळवादी सही संमतीपत्रावरची. ऑपरेशनला जाणाऱ्या प्रत्येकाचं एक संमतीपत्र असतं. डॉक्टर पेशंटला समजावतात, ऑपरेशन काय, त्यात धोके काय, न केलं तर काय. मग पेशंट सही करतो. त्याखाली साक्षीदाराची ओळ असते, "वरील माहिती माझ्यासमोर समजावून सांगण्यात आली." ती सही आमची. आता डॉक्टर समजावतात तेव्हा नेमकं माझ्या हातात कुणाचं तरी सलाइन असतं, नाहीतर बेडपॅन. सही राहून जाते आणि मग ऑपरेशन थिएटरमधून फोन येतो, "सिस्टर, साक्षीदार कुठंय?" साक्षीदार बाथरूममध्ये होता! आमचे लहान डॉक्टर, ज्यांना त्यांच्या चालण्यावरून आम्ही मागून तुरतुरे म्हणतो, ते फॉर्म घेऊन आज बाथरूमच्या दारापर्यंत आले. लाज नाही.

रागाच्या भरात मला एक युक्ती सुचलीय. उद्या करून बघते.

शुक्रवार, ७ मार्च

युक्ती फक्कड जमली! काल सकाळी चहाबरोबर वीस कोरी संमतीपत्रं पुढ्यात घेतली आणि साक्षीदाराच्या ओळीवर फराफरा सह्या ठोकल्या. गठ्ठा खणात ठेवला. लागेल त्याने काढून घ्यावा, माझ्या मागे फिरू नये. दोन दिवसांत एकही फोन नाही, एकही खोळंबा नाही. तुरतुरे तर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आधीच इनचार्ज व्हायला हवं होतं." मी नुसतं हसले. पण खरंच व्हायला हवं होतं.

संध्याकाळी सासूबाईंना ऐकवलं. त्या एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "आम्ही माणूस बसमध्ये चढल्यावरच तिकीट फाडायचो."

सासूबाईंना जळी स्थळी बस दिसते. मी म्हटलं, "आई, तिकीट वेगळं आणि ऑपरेशन वेगळं."

"ते खरंच," म्हणाल्या. "तिकिटात माणूस कापत नाहीत."

जाऊ दे. जुन्या लोकांना नवीन पद्धती पटायला वेळ लागतो.

सोमवार, १० मार्च

नऊ नंबरच्या खाटेवर एक वल्ली दाखल झालीय. फळबाजारात लिलाव पुकारतात. गळ्याला लिंबाएवढी गाठ, थायरॉइडची. ऑपरेशन गुरुवारी. पण आवाज काय, बाप रे! "सिस्टर, पाणी" म्हणाले तर तीन वॉर्डांतून तीन सिस्टर पाणी घेऊन धावल्या.

सकाळी नाश्त्याला एक अंडं जास्तीचं उरलं. काकांनी ते हातात धरलं आणि खाटेवर उभं राहून चक्क लिलाव मांडला. बोली पैशांत नाही. व्हरांड्यात किती फेऱ्या मारणार, त्यात. "ताजं, उकडलेलं, एकुलतं एक! कोण म्हणतो दोन फेऱ्या? दोन फेऱ्या एक वार..." हर्नियाचे चौदा नंबर, ज्यांना मी तीन दिवस विनवतेय की बाबा रे, उठ, चाल, ते ओरडले, "सहा!" आणि खरंच सहा फेऱ्या मारल्या, अंडं खात खात. मी काकांना खाटेवर उभं राहिल्याबद्दल रागावले आणि मग भांडारात जाऊन पोट धरून हसले.

त्यांची मुलगी बरोबर असते. बाजारात पेट्यांवर नंबर घालते. इतकी हळू बोलते की तिचं "येते हं" ऐकायला मला वाकावं लागलं. काका म्हणाले, "काय करणार? आवाज वाटताना देवाने सगळा मलाच दिला, हिच्यापर्यंत भांडं रिकामं झालं." आणि मग गळ्यावर हात ठेवून म्हणाले, "आमचं घर म्हणजे हा गळा, सिस्टर. ह्याच्यावर पोरीचं शिक्षण झालं, तिच्या आईचं आजारपण निघालं."

तुरतुऱ्यांनी त्यांची संमतीची सही दोन मिनिटांत घेतली. कामाला वेग आलाय वॉर्डात, हे कुणीही मान्य करेल.

बुधवार, १२ मार्च, दुपारी

भांडारात चादरींच्या कपाटामागे बसून लिहितेय.

उद्याच्या तयारीचं सांगायला काकांकडे गेले. रात्री दहानंतर काही खायचं नाही, पाणीसुद्धा नाही, वगैरे. काका म्हणाले, "चालेल. शनिवारी बाजारात मोठा लिलाव आहे, तिथं जेवीन पोटभर."

मी म्हटलं, "शनिवारी? अहो, थोडे दिवस आवाजाला विश्रांती द्यावी लागेल. डॉक्टरांनी आवाजाचं सांगितलं असेल ना?"

"आवाजाचं काय?"

असं निरागसपणे विचारलं की मी हातातला तक्ता खाली ठेवला. मी विचारलं, "मग तुम्हाला काय सांगितलंय?" तर म्हणाले, "गाठ आहे, काढायचीय, लहानसं काम आहे. इथं सही करा. केली."

थायरॉइडच्या मागूनच आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, कधी कधी कायमचा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पोरगीही हे सांगेल. फाइल उघडली. संमतीपत्र पूर्ण. काकांची सही, तुरतुऱ्यांची सही आणि खाली डौलदार वळणाची माझी. "वरील माहिती माझ्यासमोर समजावून सांगण्यात आली."

तुरतुऱ्यांना गाठलं. ते म्हणाले, "पण सिस्टर, साक्षीदाराची सही आधीच होती ना! मला वाटलं, मोठ्या डॉक्टरांनी तुमच्यासमोर सगळं समजावलंय, फक्त पेशंटची सही राहिलीय."

त्यांना शिव्या घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण त्यांचं खरं होतं. माझी सही बघून ते निर्धास्त झाले. मोठे डॉक्टर फॉर्म बघून निर्धास्त झाले. भूलतज्ज्ञही झाले असतील. जी मुळी तिथं नव्हतीच, तिच्या भरवशावर सगळे.

आता काय? एक मन म्हणतंय, गुपचूप जा आणि काकांना तूच सांगून टाक, आवाज बसू शकतो बरं का. सही खरी होऊन जाईल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. पण समजावणं डॉक्टरांचं काम. किती धोका, दुसरा मार्ग काय, थांबलं तर काय, हे काकांनी विचारलं तर मी काय सांगणार? अर्धवट सांगून घाबरवायचं फक्त? आणि दुसरं मन म्हणतंय, काही होणार नाही गं, शंभरात एखाद्याला होतं. ते एखादे काका असले तर?

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तर खणातला गठ्ठा बाहेर येणार. इनचार्ज होऊन दहाच दिवस झालेत. मला किल्ल्या द्यायच्या नाहीत! पण काकांचा गळा काही माझ्या किल्ल्यांसाठी नाही. उठते.

बुधवार, १२ मार्च, संध्याकाळी

सांगितलं.

मोठे डॉक्टर हात धूत होते. मी एका दमात म्हणाले, "नऊ नंबरच्या काकांना आवाजाच्या धोक्याबद्दल कुणीच सांगितलेलं नाही."

"साक्षीदाराची सही आहे."

"आहे. पण ती खोटी आहे आणि ती माझीच आहे." मग गठ्ठ्याचंही सांगितलं.

नळ वाहतच राहिला. मग ते म्हणाले, "चौदा वर्षं नोकरी केलीत की चौदा दिवस?" आणखीही बरंच बोलले, ते इथं लिहीत नाही. मी खाली मान घालून ऐकलं. शेवटी नळ बंद करून जरा हळू म्हणाले, "मीही सही पाहिली आणि पान उलटलं. चला, कुठे आहेत तुमचे काका?"

खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. कागदावर गळ्याचं चित्र काढलं, मागून जाणारी नस दाखवली. शंभरात एकदोघांचा आवाज कायमचा बदलतो. काही दिवस, काही महिने घोगरा राहणारे त्याहून जास्त. गाठ वाढतेय, पुढे श्वासनलिकेवर दाब येईल. तपासणीतही थोडी शंका आहे, म्हणून काढलेली बरी.

काकांनी चित्रातल्या नशीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे बोलता येईल, पण पुकारता येणार नाही, असं होऊ शकतं."

"होऊ शकतं."

"थांबलं तर?"

"थोडे दिवस थांबलं तर बिघडत नाही."

"महिना."

"नाही."

"तीन आठवडे."

"अहो, हा बाजार नाही! आठवडा."

"पंधरा दिवस. आणि मी स्वतः चालत येतो, बोलवायला लागणार नाही."

"बारा," मोठे डॉक्टर बोलून गेले आणि अख्खा वॉर्ड हसला. ते स्वतःही हसले. तारीख ठरली, चोवीस. जुनं संमतीपत्र त्यांनी आडवी रेघ मारून रद्द केलं, खाली कारण लिहिलं. मी तिथं सही केली. ह्या वेळी समोर उभी राहून.

काका कपडे भरताना माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही न बघताच सही केली होतीत?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. ते म्हणाले, "आमच्याकडे झाकण न उघडता पेटी विकणाऱ्याला बाजारातून हाकलतात." मग पिशवीचं तोंड आवळलं. माझे डोळे भरून आले, पण ड्युटीवर रडायचं नाही असा माझा नियम आहे, म्हणून पंख्याकडे बघत राहिले.

गुरुवार, १३ मार्च

नियम मोडला. ड्युटीवर रडले, मेट्रनबाईंच्या टेबलासमोर.

उरलेली अकरा कोरी संमतीपत्रं मीच त्यांच्यापुढे ठेवली. वापरलेल्या नऊंची यादी केली. त्यातले काका सोडून आठ. मेट्रनबाई मला बरोबर घेऊन प्रत्येक खाटेशी गेल्या, जे घरी गेले होते त्यांना फोन केले आणि एकच विचारलं, "तुम्हाला ऑपरेशनबद्दल काय सांगितलं होतं?" सात जणांना व्यवस्थित सांगितलेलं होतं. आठवे म्हणाले, "कुणीतरी काहीतरी बोलत होतं, मी हो हो म्हटलं." मोठे डॉक्टर त्यांच्याजवळही जाऊन बसले.

मला लेखी समज मिळाली. कागदावर नीट टाइप केलेली. सही करून घेतली! मी ती शब्दन् शब्द वाचूनच सही केली, तेव्हा मेट्रनबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला असं मला वाटलं. किल्ल्या अजून माझ्याकडे आहेत. तीन महिन्यांचं "बघू" आता फारच बारकाईने चाललंय.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता बस निघणार. पण त्यांनी माझ्यापुढे गरम पाण्याची बादली ठेवली आणि म्हणाल्या, "पाय बुडव."

सोमवार, १७ मार्च

काका परत येणार नाहीत, असं मला राहून राहून वाटतंय. घाबरले असतील. गाठ वाढली, शंका खरी निघाली, तर त्याला जबाबदार कोण? मी गप्प बसले असते तर आज टाके काढायची वेळ आली असती आणि कदाचित आवाजही ठणठणीत असता. हे खरं बोलण्याचं प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही. शाळेत कुणी सांगत नाही की खरं बोलल्यावरही झोप लागत नाही.

गुरुवार, २० मार्च

काकांची मुलगी रक्ताचे रिपोर्ट न्यायला आली होती. घसा पार बसलेला! आधीच आवाज मुंगीएवढा, आता तोही फाटका. मी म्हटलं, "अगं, सर्दी झाली का? मिठाच्या पाण्याने गुळण्या कर, थंड पिऊ नकोस." ती हसून मान हलवत निघाली. हल्लीच्या मुलींना तब्येतीचं गांभीर्य नाही. घरात ऑपरेशन तोंडावर आलंय आणि ही घसा बसवून हिंडतेय.

काका कसे आहेत विचारलं तर म्हणाली, "बाबा दिवसभर ओरडतात माझ्यावर." बिचारी. भीतीने चिडचिडे झाले असणार.

सोमवार, २४ मार्च

आले! सकाळी सात वाजता, पिशवी खांद्यावर, स्वतःच्या पायांनी. मला इतका आनंद झाला की मी त्यांना रागावले, "एवढ्या लवकर कशाला आलात?"

ह्या वेळी तुरतुऱ्यांनी पहिल्यापासून सगळं समजावलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी. दोनदा कुणीतरी हाक मारली, मी म्हटलं, थांबा. शेवटी मी काकांना विचारलं, "आता तुम्ही मला सांगा, काय काय होऊ शकतं?" त्यांनी बोटांवर मोजत सगळं सांगितलं, नशीसकट. मग सही केली. मग मी केली. एवढ्याशा गोष्टीला बावीस मिनिटं लागली आणि थिएटरमधून फोन आला, "सिस्टर, साक्षीदार कुठंय?"

म्हटलं, "साक्ष देतेय. थांबा."

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं म्हणतात.

मंगळवार, २५ मार्च

आवाज नाही.

सकाळी काकांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मोठे डॉक्टर म्हणाले, नस शाबूत आहे पण दुखावलीय, वाट बघावी लागेल, किती ते सांगता येत नाही. मी खाटेची चादर उगाचच तीनदा सरळ केली.

दुपारी काकांचे मेहुणे आले आणि व्हरांड्यातूनच सुरू झाले. "धडधाकट माणूस मुका करून ठेवला! तक्रार करतो! कोण इनचार्ज आहे इथं?" मी गेले पुढे. म्हटलं, "मी." ते माझ्यावर तोंड टाकणार तोच काकांनी टाळी वाजवली, माझ्या खिशातलं पेन मागितलं आणि कागदावर लिहिलं. मेहुण्यांनी वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला.

"मला सगळं सांगितलं होतं. मी बारा दिवस विचार करून सही केलीय. ओरडू नका, हा वॉर्ड आहे. ओरडायचं काम आमच्या घरात एकालाच जमतं."

मी तो कागद फाइलला लावायला हवा की नाही, हे मेट्रनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लावा. मी आधी तीन वेळा वाचला आणि मग लावला.

शनिवार, २९ मार्च

काका घरी गेले. गाठीचा रिपोर्ट चांगला आलाय, शंका फिटली. आवाज मात्र कुजबुजीएवढाच. जाताना हात जोडले, मीही जोडले. बोलायला दोघांनाही जमत नव्हतं, त्यांचं कारण वेगळं, माझं वेगळं.

शनिवार, १२ एप्रिल

आज सुट्टी. सकाळीच सासूबाईंना घेऊन फळबाजारात गेले. त्यांना सांगितलं, संत्री घ्यायचीत. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावर मिळतात." पण आल्या.

लिलावाच्या छपराखाली ही गर्दी. आणि आतून आवाज येत होता, खणखणीत, टिपेचा, बाईमाणसाचा. पायांच्या टाचा उंचावून बघितलं तर पेट्यांच्या ढिगावर काकांची मुलगी! तीच, जिचं "येते हं" ऐकायला मला वाकावं लागलं होतं. गळ्याच्या शिरा ताणून पुकारत होती आणि बाजार तिच्याकडे बघत होता. शेजारी स्टुलावर काका, गळ्याला रुमाल, बोटांनी तिला खुणा करत. वेग वाढव, थांब, आता डावीकडे बघ.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बारा दिवस! तो बसलेला घसा! आणि मी गाढवीण, तिला मिठाच्या गुळण्या सांगत होते. मी बुधवारी त्या भांडारातून उठले नसते तर ह्या पोरीला हे शिकवायला तिच्या बापाजवळ आवाजच उरला नसता. मला भर बाजारात रडू आलं आणि हसूही आलं.

काकांनी मला पाहिलं, ओळखीचं हसले. मी आनंदाने हात उंच करून जोरजोरात हलवला.

"दिली!" पोरगी ओरडली. "चाळीस पेट्या संत्री, त्या मागच्या बाईंना!"

सगळा बाजार माझ्याकडे वळला. हमाल पेट्या उचलायला लागले. मी हात हलवून नाही नाही म्हणते, तर शेजारचे म्हणतात, "आता काय उपयोग, बाई? हात वर म्हणजे सौदा पक्का." सासूबाई म्हणाल्या, "चाळीस पेट्यांना घरात जागा नाही, तूच बाहेर झोपशील."

काका स्टुलावरून उठले. गर्दी बाजूला झाली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि घोगऱ्या, फाटक्या, पण ऐकू येईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "सिस्टर, हात वर केला की काय होतं, हे तुम्हाला आधी कुणी समजावून सांगितलं होतं?"

"नाही हो, काका."

ते मुलीकडे वळले. "मग ही संमती धरायची नाही. पहिल्यापासून पुकार."

आणि पोरीने त्याच चाळीस पेट्या पुन्हा पहिल्यापासून पुकारायला घेतल्या. मी दोन्ही हात घट्ट पाठीमागे बांधून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिले.